औषध मुक्कामी कसे पोहोचते?

वैशाखात रत्नागिरीकर श्रोता व्याख्यानाला येऊन बसला, तरी त्याचे निम्मे चित्त घरी अढीत घातलेल्या आंब्यांपाशी असते, हे आम्ही जाणून आहोत. तेव्हा प्रारंभ आंब्यापासूनच करावा हे बरे. हापूस झाडावर उत्तम धरला, वेळेवर उतरविला, म्हणजे बागायतदाराचे काम संपले काय? मुळीच नाही. तो पेंढ्यात निगुतीने बसवावयाचा, पेटीत भरावयाचा, गाडीवर चढवावयाचा, आणि तो न दबता, न नासता वाशीच्या बाजारात आपल्या दलालाच्या हाती पडला म्हणजे खरे. वाटेत पेट्या भलत्याच गावी उतरल्या, तर आंबा कितीही गोड असो, बागायतदार बुडालाच. फळ पिकविणे ही एक विद्या आहे आणि ते मुक्कामी पोहोचविणे ही दुसरी.

औषधाचेही असेच आहे. रोगाला मारील असा पदार्थ शोधून काढणे ही रसायनशास्त्रज्ञाची विद्या. परंतु तो पदार्थ रोगाच्या जागी पुरेसा पोहोचावा आणि अन्यत्र शक्य तितका कमी पोहोचावा, ही विद्या निराळी. आणि गेल्या पन्नास वर्षांत ती बऱ्याच अंशी अभियंत्यांच्या हाती आली आहे. आजचे विवेचन ह्या दुसऱ्या विद्येचे आहे.

आमच्या आळीतील एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईस जात असत. रात्रीच्या गाडीने जावयाचे, शिरेतून औषध घ्यावयाचे आणि परत यावयाचे, असा क्रम. गाठ फुफ्फुसात होती. परंतु केस गेले डोक्यावरचे, तोंड सोलवटले आतून आणि अन्नावरची वासना पार उडाली. एके दिवशी ते आम्हांस म्हणाले, ‘‘गुरुजी, दुखणे छातीत आहे, मग हे औषध माझ्या डोक्यात काय शोधत फिरते?’’ आम्ही त्यांना शाळामास्तराला साजेसे उत्तर दिले. औषध रक्तात मिसळते व रक्त सर्वत्र जाते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना ते मारते. केसांची मुळे आणि तोंडाचे व आतड्याचे अस्तर ह्यांच्या पेशीही भराभर वाढणाऱ्या, म्हणून त्याही मारल्या जातात. उत्तर बरोबर होते. परंतु त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. त्यांना विचारावयाचे होते ते हे, की औषधाला वाट दाखविणारा कोणी नाही काय?

ह्या प्रश्नावर ज्यांनी आपले संशोधकाचे आयुष्य वेचले आहे, अशा एका प्राध्यापकाचे कार्य आज आपण पाहू. प्रा. समीर मित्रगोत्री हे वैद्य नव्हेत, औषधनिर्मातेही नव्हेत. ते रासायनिक अभियंते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा जो विभाग काढला आणि जो पुढे माटुंग्याचे ‘यूडीसीटी’ ह्या नावाने घरोघर माहीत झाला, तेथून ते १९९२ साली पदवीधर झाले. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून १९९६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. २००० सालापासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत अध्यापन केले. आणि २०१७ साली ते हार्वर्ड विद्यापीठात जैव अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे ते सदस्य आहेत.

रासायनिक अभियंत्याचा आणि औषधाचा संबंध काय, असे कोणी विचारील. कारखान्यात नळ्यांतून द्रव वाहतात, पडद्यांतून पदार्थ पाझरतात, गाळ बसतो, बुडबुडे उठतात; ह्या सगळ्याचे गणित मांडणे हे त्याचे शिक्षण. आणि मनुष्यदेह म्हणजे तरी दुसरे काय? नळ्या, पडदे, गाळण्या आणि अखंड वाहणारा एक द्रव. देहाकडे असे पाहण्याने कवीचे कदाचित समाधान होणार नाही, पण रोग्याचे हित होण्याचा संभव आहे.

त्यांचे पहिले गाजलेले काम त्वचेवरचे. मधुमेह्यांना इन्सुलिन टोचून घ्यावे लागते हे घरोघर ठाऊक आहे. ते पोटात घेतले तर अन्नासारखे पचून जाते. आणि कातडीवर चोळले तर आत शिरत नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकाच जाड असतो, पण बांधणीने मोठा भक्कम. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे जांभ्याचे चिरे आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना, अशी ती भिंत. लहान रेणू तीतून पाझरतात. इन्सुलिनसारखा मोठा रेणू अडतो. ध्वनिलहरींनी ही भिंत सैल करावी असे प्रयत्न पूर्वीपासून चालू होते, पण त्यांत सेकंदाला दहा लाख वा अधिक कंपने असलेल्या लहरी वापरीत. मित्रगोत्री आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लँगर व डॅनियल ब्लँकश्टाइन ह्यांनी उलट दिशा धरली. सेकंदाला वीस हजार, म्हणजे माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येईल न येईल अशी कंपने त्यांनी वापरली. संथ लहरींनी द्रवात मोठे बुडबुडे उठतात. ते फुटताना चिऱ्यांमधला चुना विसकटतो आणि वाट मोकळी होते. १९९५ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले, की अशा रीतीने इन्सुलिन कातडीतून पार जाते आणि मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर खाली येते.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. अशा वार्ता वाचल्या की ‘आता सुई गेली!’ असे आपण उद्गारतो. सुई गेली नाही. ह्याच तत्त्वावर बनविलेल्या एका यंत्राला २००४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, ती त्वचा बधिर करणारे मलम लवकर मुरावे एवढ्यापुरती. इन्सुलिन अजूनही बहुतेकांना टोचावेच लागते. मित्रगोत्रींनीही हा प्रश्न सोडला नाही. २०१८ साली त्यांच्या गटाने इन्सुलिन पोटातून देण्याचा एक मार्ग उंदरांवर यशस्वी करून दाखविला. त्यात कोलीन आणि जेरॅनिक आम्ल ह्यांपासून केलेला एक द्रव वापरला होता. ह्यांपैकी दुसरा पदार्थ आपल्या वेलदोड्यात आणि परसातल्या गवती चहात आढळतो, हे ऐकून कोकणातल्या माणसाला मौज वाटेल. तेवीस वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्या दाराने! संशोधन म्हणतात ते बहुधा असेच असते.

आता रक्तातल्या प्रवासाकडे वळू. औषध नुसते रक्तात सोडण्याऐवजी एखाद्या बारीक पेटीत भरून सोडावे, ही कल्पना जुनी आहे. ही पेटी किती बारीक? ‘नॅनो’ हा शब्द मूळचा ग्रीक, त्याचा अर्थ खुजा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद. औषधाच्या ह्या पेट्या बहुधा १०० ते २०० नॅनोमीटरच्या. म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर चाळीस-पन्नास पेट्या ओळीने बसतील. कधी त्या चरबीच्या करतात, कधी शस्त्रक्रियेत आपोआप विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात त्याच्या. ही केवळ कल्पना नव्हे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध हृदयाला अपाय करते. ते चरबीच्या अशा सूक्ष्म कुप्यांत भरून देण्यास अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली आणि हृदयाचा धोका त्यामुळे कमी झाला.

परंतु देहाला ही पेटी ओळखीची नसते. यकृत आणि प्लीहा ही रक्ताची दोन नाकी आहेत आणि तेथे भक्षक पेशींचा पहारा असतो. परकी वस्तू दिसली की गिळावयाची, हा त्यांचा धर्म. जंतू आले तर ह्याच पेशी आपला जीव वाचवितात. पण त्यांच्या दृष्टीने जंतू काय आणि औषधाची पेटी काय, दोन्ही सारखीच. ह्याचा परिणाम किती व्हावा? प्राण्यांवर केलेल्या दहा वर्षांतल्या अशा प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. टोचलेल्या पेट्यांपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचल्या त्यांचे मध्यक प्रमाण शेकडा ०.७ एवढेच निघाले. शंभर पेट्या भरल्या आणि बाजारात पुरती एकही उतरली नाही! कोणता बागायतदार असा व्यापार करील?

पहारेकरी गिळतो तरी कसा, हे आधी पाहिले पाहिजे असे मित्रगोत्रींनी ठरविले. तोपर्यंत विचार होत असे तो पेटी केवढी आणि तिच्यावर लेप कसला, ह्यांचा. तिच्या आकाराचा, म्हणजे ती गोल की लांबट की चपटी, ह्याचा विचार क्वचितच होई. कारण सूक्ष्म कण तयार करावयाचे तर ते गोल करणेच सोपे. मित्रगोत्री आणि त्यांची विद्यार्थिनी ज्यूली चॅम्पियन ह्यांनी प्लॅस्टिकचे गोल कण एका पातळ पापुद्र्यात बसविले आणि ते मऊ करून पापुद्राच ताणला. गोळ्याचे अंडे झाले, अंड्याची चकती झाली. अशा युक्तीने वीसहून अधिक आकार त्यांनी सिद्ध केले. मग ते भक्षक पेशींपुढे ठेवले.

२००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अंडाकृती कणाच्या निमुळत्या टोकाला भक्षक पेशीने तोंड लावले, तर काही मिनिटांतच तो कण तिच्या पोटात जाई. तोच कण, तीच पेशी. पण तिने चपट्या बाजूने सुरुवात केली, तर बारा तास उलटून गेले तरी तो गिळला जात नसे. भाट्याच्या खाडीवर बगळा पाहिलेल्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. मासा आडवा धरला गेला असेल तर बगळा तो चोचीत फिरवून डोक्याकडून करतो आणि मगच गिळतो. बगळ्याला मासा फिरविता येतो; भक्षक पेशीला ते साधत नाही, एवढाच फरक. केवळ घडणीने पहारा चुकविता येतो, हे ह्या एका प्रयोगाने दिसून आले.

दुसरा विचार ह्याहून साधा होता. ज्यांना ह्या नाक्यांवर कोणी अडवीत नाही असे रक्तात कोणी आहे काय? आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस ह्या दोन्ही नाक्यांवरून सहस्रावधी वेळा जाते आणि पहारेकरी तिला हात लावीत नाहीत. मग औषधाच्या पेट्या तिच्याच पाठीवर बसविल्या तर? मित्रगोत्री आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००४ साली उंदरांवर हे करून पाहिले. थोडे रक्त काढून त्यातील तांबड्या पेशींवर कण चिकटविले आणि ते रक्त पुन्हा टोचले. एरवी लवकरच नाहीसे होणारे कण कित्येक तास रक्तात फिरत राहिले. पण एक उणीव राहिली. वाटेतल्या घासाघाशीने कण पाठीवरून गळून पडत. आणि गळले की यकृताच्या स्वाधीन होत.

आमच्या मते ह्या साऱ्या कारकिर्दीतला मर्माचा क्षण पुढे आहे. कण गळतात हा दोष. तो घालविण्यासाठी ते अधिक घट्ट चिकटवावेत, असे कोणालाही सुचले असते. ह्या मंडळींनी विचारले, ते गळतात कोठे?

भातझोडणीनंतर पेंढ्याने भरलेली गाडी पाणंदीतून जाताना आपण सर्वांनी पाहिली आहे. रुंद रस्त्यावर काडीही पडत नाही. पाणंद अरुंद झाली, दोन्ही बाजूंचे गडगे जवळ आले, की करवंदीच्या जाळ्यांना पेंढा लटकू लागतो. गाडी पुढे गेली तरी ती कोणत्या वाटेने गेली हे पेंढा सांगतो. रक्ताच्या प्रवासातली पहिली पाणंद कोणती? हातावरच्या शिरेत टोचलेले रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तेथून सरळ फुफ्फुसांत. फुफ्फुसांतल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद, की तांबडी पेशी अंग दुमडून घेतल्याशिवाय त्यांतून पार होत नाही. तेव्हा पाठीवरची पेटी घासली जावयाची ती प्रथम तेथे, आणि भिंतीला चिकटावयाची तीही तेथेच. म्हणजे जो दोष वाटला होता, तोच फुफ्फुसांत औषध उतरविण्याचा उपाय ठरला. २०१३ साली ह्या गटाने उंदरांत तसे घडवून दाखविले. पुढे २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत, मोकळ्या सोडलेल्या कुप्यांच्या मानाने फुफ्फुसांत उतरलेल्या कुप्यांचे प्रमाण सुमारे चाळीस पट भरले. टोचण्याची जागा बदलून मानेतल्या धमनीत टोचले तर पहिली पाणंद मेंदूची लागते. तेव्हा शेकडा दहांहून अधिक माल मेंदूत उतरला. हे प्रयोग उंदरांत व डुकरांत झाले, तसेच देहाबाहेर ठेवलेल्या मानवी फुफ्फुसांतही झाले. २०१९ साली डॉक्सोरुबिसिन भरलेल्या पेट्या अशाच रीतीने पाठवून, फुफ्फुसांत पसरलेल्या कर्करोगाची उंदरांमधली वाढ रोखता येते आणि त्यांचे आयुष्य वाढते, हेही त्यांनी दाखविले.

आता पहारेकऱ्यांकडे पुन्हा एकदा येऊ, कारण कथेचा शेवटचा धागा तेथे जुळतो. भक्षक पेशी कर्करोगाच्या गाठीत आपण होऊन शिरतात; म्हणजे मुक्कामाची वाट त्यांना ठाऊक आहे. दुर्दैव असे, की गाठीतल्या वातावरणाने त्या फितूर होतात आणि शत्रूलाच साहाय्य करू लागतात. त्यांना फितूर न होऊ देणारे द्रव्य त्यांच्याबरोबर पाठवावे, तर त्या ते गिळून टाकणार. परंतु चपटी वस्तू त्यांना गिळता येत नाही, हे २००६ सालीच समजले होते! तेव्हा औषधाच्या पातळ चकत्या करून त्या भक्षक पेशींच्या पाठीवर पडशीसारख्या बांधल्या. पडशी गिळली गेली नाही, पाठीवरच राहिली, आणि तीतले द्रव्य पेशीला लढत ठेवीत राहिले. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांत ह्या उपायाने गाठींची वाढ मंदावली, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. गिळण्याचा अभ्यास केला तो पेशींना चुकविण्यासाठी. आणि उपयोग झाला तो त्याच पेशींना हमाल करण्यासाठी.

हे सारे ऐकून श्रोत्यांच्या मनात आशा उत्पन्न झाली असेल. ती आम्ही मोडू इच्छीत नाही, पण तिला कुंपण घालणे आमचे कर्तव्य आहे. तांबड्या पेशींवरून किंवा पडशीतून औषध पाठविणे हा आज रुग्णालयातला रोजचा उपचार नाही. उंदरात जे साधते ते माणसात साधेलच असे नाही. प्रत्येक वेळी कण सारखेच चिकटतील काय, त्यांच्या भाराने तांबड्या पेशी आजारी पडणार नाहीत ना, आणि फुफ्फुसात पोहोचलेले औषध गाठीबरोबर निरोगी भागालाही इजा करणार नाही ना, ह्या प्रश्नांची उत्तरे रोग्यांवरच्या सावध चाचण्यांतूनच मिळतील. दुसऱ्या बाजूने, सूक्ष्म पेट्यांची विद्या खोटी आहे असेही कोणी समजू नये. कोविडच्या साथीत फायझर व मॉडर्ना ह्यांच्या ज्या लसी कोट्यवधी लोकांना टोचल्या गेल्या, त्यांतला नाजूक रेणू चरबीच्या अशाच नॅनो-कुप्यांत भरलेला होता. आणि मॉडर्ना कंपनीच्या संस्थापकांत मित्रगोत्रींचे गुरू लँगर हेही आहेत.

म्हणून आमची विनंती एवढीच. ‘नॅनो’ हा शब्द छापलेली बाटली किंवा भुकटी कोणी पुढे केली, तर दोन प्रश्न विचारावेत. हे कोणावर करून पाहिले, उंदरावर की माणसावर? आणि जेथे जावयास हवे तेथे ह्यातले शेकडा किती पोहोचले? विकणाऱ्याने हसून विषय बदलला, तर आपली पिशवी उचलून घरी यावे. चालू उपचार तर अशा बातम्यांवरून कोणीही सोडू नयेत.

आमच्या आळीतले ते गृहस्थ आज हयात नाहीत. आम्ही जे सांगितले त्यातले बरेचसे काम त्यांच्या आजारपणात झालेले होते, पण ते त्यांच्या उशापाशी पोहोचले नव्हते. अजूनही कोणाच्या पोहोचलेले नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र अडाण्याचा नव्हता. औषध डोक्यात काय शोधत फिरते, हाच प्रश्न माटुंग्याहून निघालेला एक अभियंता तीस वर्षे निरनिराळ्या शब्दांत विचारीत आला आहे. आज ह्या सभागृहात मागच्या बाकांवर जी शाळा-कॉलेजांतली मुले बसली आहेत, त्यांतल्या एखाद्याने तो पुढे विचारीत राहावा. त्यासाठी वैद्य झालेच पाहिजे असे नाही. पेंढ्याची गाडी पाणंदीतून जाताना नीट पाहिली असली, म्हणजे सुरुवातीला पुरे.